पेशंटशी नातं कसं जुळवायचं: ट्रेनिंगबद्दल नेहमी येणारे प्रश्न

यवतमाळ-वर्धा पट्ट्यात नवे सायकॉलॉजिस्ट, कौन्सेलर आणि आशाताई यांच्या ट्रेनिंगमध्ये मी बरीच वर्षं आहे. बॅच संपली की व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न सुरू होतात, आणि खरं सांगते, फिरून फिरून तेच प्रश्न येतात, रात्री अकराला पण येतात. म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकलं. प्रसंगातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, घर, पीक असं बदललंय.

१. नातं नातं म्हणता, म्हणजे नेमकं काय? पेशंटशी मैत्री करायची का?

नाही. मैत्रीत तुम्ही पण तुमचं रडगाणं सांगता, इथं ते चालत नाही. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने १९७९ साली याचे तीन भाग सांगितले होते आणि ते अजून टिकून आहेत: आपण कशासाठी बसलोय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवर विश्वास. आपल्याकडे सगळे तिसऱ्यावरच अडकतात. गोड बोललं, पाणी विचारलं, झालं नातं!

एका ताईने पन्नाशीच्या एका काकांच्या फाइलवर लिहिलं होतं, ‘ध्येय: नैराश्य कमी करणे’. काकांना कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "रातची लाइन असली का मोटर लावाले जा लागते, अन् त्या विहिरीपाशी मले उभं राहवत नाही." त्यांना तेवढंच पाहिजे होतं, रात्री विहिरीपाशी न घाबरता उभं राहता यावं. फाइलवर ते लिहिलं त्या दिवसापासून काका स्वतःहून यायला लागले. (असं वाक्य ऐकलं की त्याच बैठकीत काय विचारायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे, ते आधी वाचा.)

२. पण नात्याने खरंच फरक पडतो का, की हे आपलं सांगायचं म्हणून?

पडतो. २०१८ साली २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात ३० हजारांपेक्षा जास्त पेशंट होते. नातं चांगलं असणं आणि पेशंटला बरं वाटणं यातला संबंध साधारण ०.२८ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण). म्हणजे पेशंटा-पेशंटात जो फरक दिसतो त्यातला आठेक टक्के भाग नात्याशी जोडलेला. आठच टक्के? असं दर बॅचला कोणी ना कोणी म्हणतंच. पण ही थेरपी भारी की ती भारी यावर आपण जे भांडतो ना, त्या फरकाचा वाटा बहुतेक वेळा याहून कमी भरतो.

एक मात्र आहे. पेशंटला आधी बरं वाटतं म्हणून तो तुमच्यावर खूश असतो, असंही होतं. दोन्ही बाजूंनी गाडी चालते.

३. काहींना जन्मतःच जमतं. ज्याला जमत नाही त्याला शिकवून काय उपयोग?

काहींना जास्त जमतं हे खरंच आहे. २००७ च्या एका अभ्यासात (बाल्डविन, वॅम्पोल्ड आणि इमेल यांचा) दिसलं की नात्यामुळे जो फरक पडतो तो मुख्यतः थेरपिस्टा-थेरपिस्टातल्या फरकामुळे. म्हणजे ‘माझे पेशंटच अवघड आहेत’ ही सबब फार दूर नेता येत नाही. टिमथी अँडरसन यांनी तर अवघड पेशंटच्या व्हिडिओ क्लिप थेरपिस्टांना दाखवल्या, त्यांची उत्तरं रेकॉर्ड करून त्यांना मार्क दिले, आणि त्या मार्कांचा त्यांच्या खऱ्या पेशंटना किती फरक पडला याच्याशी मेळ बसला.

आता शिकवून वाढतं का? २००६ साली पॉल क्रिट्स-क्रिस्टॉफ यांनी खास नात्याचं ट्रेनिंग देऊन पाहिलं, नात्याचे मार्क वाढले, पण थेरपिस्ट होते फक्त पाच. त्यामुळे मी कोणाला छातीठोक गॅरंटी देत नाही. माझं मत असं की स्वभाव बदलत नाही पण अडचणीच्या क्षणी तोंडातून पहिलं काय निघतं ते बदलतं, आणि त्यालाच नातं म्हणायचं. ते कसं बदलतं ते पुढच्या प्रश्नात.

४. मग ट्रेनिंगमध्ये करता काय? लेक्चर?

लेक्चर पहिल्या सकाळी, तेही थोडंसंच. बाकी सगळा वेळ एकच वाक्य परत परत. एक जण ‘बापू’ म्हणजे पेशंट होतो, समोर कौन्सेलर. बापू म्हणतो:

"तुमाले काय समजते जी वावरातलं? तुमाले महिन्याच्या महिन्याले पगार येते."

पहिलं उत्तर जवळपास ठरलेलं: "नाही हो बापू, माझे बाबा पण शेतकरीच आहेत!" बघा, दोन सेकंदात विषय बापूवरून आपल्या बाबांवर गेला. थांबवायचं, परत. दुसरं उत्तर: "मी तुमच्या मदतीसाठीच बसलेय ना." आता बापू नाशुक्रा ठरला. थांबवायचं, परत. तिसरं: "तुम्ही सांगा ना, मग समजेल." हे जरा बरं, पण बापूने जे फेकलं ते हवेतच राहिलं, कोणी झेललंच नाही. असं करत करत पाचव्या-सहाव्या वेळी एखादी जण म्हणते, "खरंय बापू. मी पगारवाली, मला काय कळणार, अन् न कळता मी सल्ले देत बसले तर बोलून तरी काय फायदा, असं वाटत असेल." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात जड जातं. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावते, दहा सेकंद. दहा सेकंदात लोक पेन उघडतात, बंद करतात, ओढणी नीट करतात, एका भाऊंनी तर एकदा उठून पंखाच वाढवला.

मग बापू बदलतो. आता तो रडतो. आता तो थोडी पिऊन आलाय. आता तो काहीच बोलत नाही, नुसता जमिनीकडे पाहतो. भजनी मंडळात नवीन पोराला मृदंगाचा एकच बोल महिनाभर बडवायला लावतात ना, तसंच आहे हे, कंटाळवाणं आहे, पण खऱ्या खोलीत खरा बापू आला की हात आपोआप चालतो. रोल-प्लेनंतर खऱ्या बैठकांचं रेकॉर्डिंग, पेशंटची परवानगी घेऊनच, आणि दोन मिनिटांचा तुकडा आणायचा, आपला सगळ्यात वाईट असेल तो. चांगला तुकडा आणला की मी वैतागते.

५. थेरपीचं मॅन्युअल (कोणत्या स्टेपला काय करायचं ते पुस्तक) पूर्ण पाठ केलं तर नातं आपोआप होईल ना?

उलटंही होऊ शकतं. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात हान्स स्ट्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी थेरपिस्टांना मॅन्युअलप्रमाणे ट्रेनिंग दिलं. १९९३ साली निष्कर्ष छापून आले: तंत्र बरोबर वापरायला लागले, पण काही बाबतीत त्यांचं पेशंटशी वागणं ट्रेनिंगआधीपेक्षा खराब झालं, टोचून बोलणं वाढलं. माणसाचं लक्ष समोरच्याच्या तोंडाकडे नसून ‘आता स्टेप चार’ याकडे गेलं की असंच होणार. मॅन्युअल वाचा, नक्की वाचा, पण ते बैठकीच्या आधी. बैठकीत मांडीवर ठेवू नका.

६. पेशंट सगळ्याला "हो जी, हो जी" म्हणतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. माझं काय चुकलं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरान यांनी नात्याला तडा जाण्याचे दोन प्रकार सांगितलेत, एकात पेशंट तुमच्यावर येतो, दुसऱ्यात आत जातो. आपल्याकडे दुसरा प्रकार फार, कारण शिकलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची सवयच नाही. ‘हो जी’ म्हणजे होकार असं समजू नका. बरेचदा ‘हो जी’ म्हणजे ‘आता सोडा मले’.

माझंच सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईला मी सांगितलं, रोज सकाळी अर्धा तास फिरायला जा, मन मोकळं होईल. ‘हो बाई’ म्हणाली. परत आलीच नाही. दिवाळीनंतर बाजारात मेथीच्या ढिगापाशी भेटली, हसली आणि म्हणाली, "तुमी मले फिराले सांगतलं बाई. मायं तं दिवसभर फिरणंच आहे, कापसाच्या तासात." हाताची बोटं दाखवली, बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडेला चिरा पडलेल्या. माझ्या हातात मेथी होती, ती मी तशीच धरून उभी.

म्हणून आता काही सुचवलं की लगेच विचारायचं: "यातलं तुम्हाला काय जमणार नाही?" जमेल का असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो जी’च येणार. आणि चिन्हं बघत राहा. उत्तरं एका शब्दाची व्हायला लागली, पदर सारखा नीट होतोय, पिशवी मांडीवर घेतली. पिशवी मांडीवर आली म्हणजे पेशंट मनाने बसस्टँडवर पोचला.

७. आणि भडकला तर?

भडकला तर तुमचं नशीब चांगलं, तो अजून समोर बसलाय. सफाई देऊ नका, गोष्टीत तुमची जेवढी चूक असेल तेवढी मान्य करा ("मागच्या वेळी मी तुम्हाला तासभर बसवून ठेवलं, ते चुकलंच"), आणि मग रागाखाली काय आहे ते विचारा. सरावाचं उदाहरण प्रश्न ४ मध्ये दिलंच आहे. मारहाणीची भीती वाटली तर मात्र हे सगळं विसरा आणि दाराकडे सरका. खुर्ची दाराजवळ आपली ठेवायची, हे पहिल्या दिवशीच शिकवते मी.

८. वऱ्हाडी बोलायचं का? मी पुण्याकडची आहे.

येत नसेल तर नक्कल करू नका, दोन मिनिटांत पकडतात आणि नंतर ओसरीवर तुमचीच नक्कल होते. पण शब्द त्यांचे वापरा. ‘जीव घाबरते’, ‘मन लागत नाही’, ‘डोकं भणभण करते’ असं म्हटलं तर तुम्हीही तेच म्हणा, त्याचं भाषांतर करून अँक्झायटी-डिप्रेशन परत देऊ नका. रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते लिहा.

९. गावात सगळे ओळखीचे. पेशंट माझ्या काकूच्या शेजारी राहतो. चहा घ्यायचा का? तुरीच्या शेंगा दिल्या तर?

पुस्तकात लिहिलेलं ‘बाहेर संबंध नको’ हे मोठ्या शहरात ठीक आहे. इथं तुम्ही एकाच बसने जाता, एकाच लग्नात जेवता. त्यामुळे संबंध टाळायचा प्रयत्न सोडा, त्याबद्दल आधीच बोलून घ्या. पहिल्याच बैठकीत: "बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवली तर बोलेन, पण इथलं काही बोलणार नाही." एवढ्या एका वाक्याने लोकांचा श्वास मोकळा होतो, मी पाहिलंय. काकूला काहीही सांगायचं नाही, ‘येतो का तो तुझ्याकडं’ याला हो पण नाही आणि नाही पण नाही. गुप्तता ही तुमची मेहेरबानी नाहीये, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये तो पेशंटचा हक्क आहे. अपवाद प्रश्न १२ मध्ये.

चहा घ्या. नाही म्हटलं तर त्यात जातीचा वास येऊ शकतो, आणि तो कोणाच्या मनात आला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शेंगा पिशवीभर असतील तर सगळ्या स्टाफमध्ये वाटून खा आणि तसं सांगा. पोतं असेल तर परत.

१०. सासू उठतच नाही. सून काय बोलणार?

सासूला हाकलू नका, तिला आधी वेळ द्या. दहा मिनिटं तिचंच ऐका, तिचे गुडघे, तिची बीपीची गोळी, सगळं. मग सगळ्यांसाठी एकच नियम आहे असं सांगा: "मी प्रत्येकाशी थोडं एकटं बोलते, आधी तुमच्याशी बोलले, आता हिच्याशी." आशाताई सोबत असेल तर सोन्याहून पिवळं, तिने सासूला चुलीपाशी बोलण्यात गुंतवायचं. तरी नाहीच जमलं तर त्या दिवशी खोलात जाऊ नका, दवाखान्यात बोलवा.

११. पेशंट म्हणतो करणी केलीय. मी खरं सांगायचं की ऐकून घ्यायचं?

वाद घालून करणी निघत नाही. ‘असं काही नसतं’ म्हटलं की पेशंटने तुमचं नाव यादीतून काढलं. विचारायचं: कधीपासून, कोणावर संशय, त्याआधी घरात काय झालं होतं. जागेच्या वाटणीचं भांडण, मेलेलं मूल, सावकाराचं येणं, असलं काही ना काही करणीच्या अलीकडेच सापडतं. ‘मी करणी उतरवत नाही, ते मला येत नाही, पण झोप आणि धडधड यावर मी काम करू शकते’ हे खोटंही नाही आणि अपमानही नाही. गोळ्या चालू असतील तर त्या बंद न करता देवाला जायला माझी हरकत नसते.

अपवाद: चटके, मारहाण, साखळी, उपाशी ठेवणं. तिथं नातं बाजूला. राज्याचा २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आहे, वरिष्ठांना सांगा, पोलिसांत जायचं तर जा.

१२. पेशंटने जिवाचं बरंवाईट करण्याचं सांगितलं, आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणाला. सांगितलं तर विश्वास तुटेल ना?

पहिलं म्हणजे सरळ विचारा: "मरून जावं असं मनात येते का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्याने डोक्यात भरतं ही भीती खोटी आहे, बहुतेकांना उलट हलकं वाटतं. प्रश्न १ मधल्या विहिरीच्या काकांना मी त्याच बसल्या बैठकीत हेच विचारलं होतं.

गुप्ततेला मर्यादा आहे हे पहिल्या दिवशीच सांगायचं असतं, प्रसंग आल्यावर सांगितलं तर ते दगा वाटतं. "तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, पण कोणाला सांगायचं ते तुम्हाला विचारून ठरवू." मग खरंच विचारा. भाऊ की बायको? कोण घरात शांत डोक्याचं आहे? त्याच्याकडून त्याच दिवशी फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवून घ्या, गोठ्यात नाही, शेजाऱ्याकडे. त्या रात्री माणूस एकटा राहू नये. मानसोपचार डॉक्टरकडे जिल्हा रुग्णालयात पाठवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, चोवीस तास चालतो, फुकट आहे. ‘पोलीस केस होईल’ ही भीती घरच्यांना फार असते, तर २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणात होता असं धरायचं ठरवलंय, त्याला शिक्षेसाठी ओढायचं नाही.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार कळला तर मात्र निवडच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं.

विश्वास तुटतो का? काहींचा तुटतो. शिव्या पण खाल्ल्यात मी. त्यातले काही वर्षभराने परत आले.

१३. मी आशाताई आहे, डिग्री नाही. मला हे जमेल का, चालेल का?

नात्याचा भाग जमेल, आणि यासाठी लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना तयार करून. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले, २०१७ मध्ये लॅन्सेट सायकायट्री या संशोधन पत्रिकेत आलंय. अशा कार्यकर्त्यांचं कौशल्य तपासायला ब्रँडन कोर्ट यांच्या टीमने नेपाळमध्ये ‘इनॅक्ट’ नावाची यादी बनवली, रोल-प्ले बघून मार्क द्यायची. डोळ्यात बघणं, मध्ये न तोडणं, जिवाचा धोका विचारणं असं सगळं त्यात आहे.

पण स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. भास, फिट, दारू सोडताना थरथर, बाळंतपणानंतर अचानक बदललेली बाई, हे सगळं पुढे पाठवायचं.

१४. नातं मोजता येतं का?

फॉर्म आहेत. १९८९ चा वर्किंग अलायन्स इन्व्हेंटरी ३६ प्रश्नांचा, छोटा १२ चा. बैठकीनंतर भरायचा चार रेघांचा पण एक आहे. आपल्याकडे अडचण अशी की सगळे दहापैकी दहा देतात, पाहुण्याला भाजी कशी झाली विचारल्यासारखं. मी एकच विचारते: "आज काय बोलायचं राहून गेलं?" आणि दाराकडे जाताना नाही, पाच मिनिटं शिल्लक असताना.

१५. मला एक पेशंट आवडतच नाही. बायकोला मारतो. त्याच्याशी कसलं नातं?

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली पेशंटचा बिनशर्त स्वीकार हवा असं मांडलं, त्याचा अर्थ लोक ‘सगळं चालवून घ्या’ असा काढतात. तसं नाहीये. माणूस स्वीकारायचा, मारणं नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगायचं. बायकोची सुरक्षा आधी, ती दुसऱ्या कोणाकडे बोलत असेल तर उत्तम, दोघांना एकत्र बसवू नका. तरी त्याच्या बैठकीच्या दिवशी सकाळपासून तुमचं पोट दुखत असेल तर सुपरव्हिजनमध्ये (वरिष्ठांसोबत केसवर बसतो तेव्हा) बोला, आणि नाहीच झालं तर केस दुसऱ्याकडे द्या. केस देणं म्हणजे हार नाही. चेहऱ्यावर किळस घेऊन वर्षभर बसणं, ते वाईट.

१६. आणि उलटं? पेशंट फारच जीव लावायला लागला तर?

रोज फोन, ‘तुमीच मायी माय’, इथपर्यंत ठीक, फोनची वेळ ठरवून द्या. प्रेम, शरीरसंबंध, पैशाची उसनवारी: कधीच नाही, केस बंद झाल्यावर पण नाही. तुमच्याच मनात तसं काही येत असेल तर लपवू नका, त्याच दिवशी सुपरव्हायजरला सांगा. मनात आलं म्हणून कोणी वाईट ठरत नाही, लपवलं की गोष्ट पुढे जाते.

१७. पेशंट बरा झाला. आता सोडायचं कसं?

तीन-चार बैठका आधीपासून सांगायचं, अचानक नाही. पेरणीच्या किंवा वेचणीच्या हंगामात शेवट ठेवू नका, तेव्हा लोक तसेही गायब असतात आणि मग शेवट झाला की माणूस पळाला हेच कळत नाही. शेवटच्या बैठकीत त्यानेच सांगावं काय बदललं, तुम्ही नाही. विहिरीचे काका म्हणाले, "मोटर लावतो आता. बॅटरी घेऊन जातो अन् गानं म्हणत जातो." कोणतं गाणं विचारलं तर लाजले आणि चपला घालून निघाले.